झाकलेली नावे

तालुक्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध औषधनिर्माते राहत असत. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्तीनंतर त्यांनी बाजारपेठेत औषधांचे लहानसे दुकान थाटले होते. त्यांचा एक शिष्य होता. पदविकेचे पहिले वर्ष संपवून तो सुट्टीत दुकानी उभा राहत असे. हात मोठा चपळ. गिऱ्हाइकाने औषधाचे नाव अर्धे उच्चारावे, तोच पाकीट काउंटरवर!

ही चपळाई एका व्यापाऱ्याच्या नजरेत भरली. त्याचा किराण्याचा धंदा. आता एसटी स्टँडसमोर औषधांचे दुकान काढणार होता.

"कॉलेजात कशाला आणखी झिजतोस?" तो शिष्याला म्हणाला. "तुला काय येत नाही? प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाचं आणून भिंतीला लावू. गल्ल्यावर तू बस."

शिष्याला ते मनापासून पटले. घरची ओढाताण होती, आणि स्वतःवर विश्वासही होता. सरांना व्यापाऱ्याचा बेत सांगून तो म्हणाला, "सर, मी दुसऱ्या वर्षाला जात नाही. सगळी औषधं येतात मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापत बसलेले दिसले. ताप, सर्दी, अंगदुखी यांच्या कप्प्यांतील प्रत्येक पाकिटावर कंपनीने ठळक छापलेले नाव त्यांनी झाकून टाकले. खालची घटकांची बारीक ओळ तेवढी उघडी ठेवली.

"आज असंच विकायचं," ते म्हणाले. "पट्टी काढायची नाही."

सर रागावले असावेत, अशी शिष्याने समजूत करून घेतली. इतक्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या.

"काय रे, आज गोळ्यांनी पदर घेतलाय वाटतं?" त्या हसल्या. "काल तू सर्दीची गोळी दिलीस, ती चालू आहे. आता अंग ठणकतंय बघ. ती नेहमीची अंगदुखीची दे."

शिष्याचा हात सवयीने कप्प्याकडे गेला आणि तिथेच घोटाळला. झाकलेल्या पाकिटांतून नेहमीचे कोणते, ते कळेना. नाइलाजाने तो बारीक ओळी वाचू लागला. अंगदुखीच्या एका पाकिटावर पॅरासिटामॉल. शेजारच्या सर्दीच्या पाकिटावर तीन घटक, आणि त्यांत पहिले नाव तेच.

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, कालची गोळी आहे जवळ?"

त्यांनी पिशवीतून काढून दिली. त्याने वाचली. पॅरासिटामॉल.

"ही दुसरी नको," तो हळूच म्हणाला. "दोन्हींत औषध एकच आहे. दुप्पट जाईल पोटात. दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा."

मावशी गेल्यावर त्याने दुकानातली ती दोन्ही पाकिटे पुन्हा वाचली. मग म्हणाला, "सर, हे तर इथंही शिकता येईल. तुमच्याजवळ."

"मी तुला आज एक जोडी दाखवली," सर म्हणाले. "अशा कितीतरी आहेत. त्या का घातक आहेत, कुणाला आहेत, किती मात्रेला आहेत, हे मला दुकानानं नाही शिकवलं. दुकानात नावं पाठ होतात. ते नाव शरीरात गेल्यावर काय करतं, ते वर्गात आणि प्रयोगशाळेत बसून शिकावं लागतं. अनुभव शिकवत नाही असं नाही, बाळा. पण आपल्या धंद्यात अनुभवाची फी गिऱ्हाईक भरतं. आणि भिंतीवरचं उसनं प्रमाणपत्र मावशींच्या पिशवीत काय आहे ते विचारत नाही."

संध्याकाळी व्यापारी आला. "मग, रविवारचा मुहूर्त धरू ना?"

"नाही शेठ. मी कॉलेजात परत चाललोय."

"अरे वेड्या, पदविका घेऊन असं काय जास्त विकणार आहेस?"

"जास्त नाही," शिष्य शांतपणे म्हणाला. "कदाचित कमीच विकीन."

औषध घेताना समोरच्याला ‘आपण शिकलेले आहात ना?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.