न टाकलेला टॉवेल

बॉक्सर हरबा शिंगटे रिंगमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या कोपऱ्यात कायम टॉवेल घेऊन उभे राहणारे वस्ताद रावसाहेब शोकसभेत गरजले, “आमचा वाघ कधी हरलाच नाही! सांगलीला निकाल विरुद्ध गेला तेव्हा अंगात ताप होता, नाशकात मनगट सुजलं होतं. परवा तर सकाळपासून चक्कर येत होती.”

माना डोलल्या. हरबाचा धाकटा भाऊ दिगू ताडकन उठला.

“चक्कर येतेय हे तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळीच! माझ्यापासून काय लपतंय?”

“मग दादाला उतरवला कशाला? निदान टॉवेल तरी टाकायचा, लढत थांबली असती. हरला असता, पण घरी आला असता!”

 दिगू दादाच्या फोटोपुढे बसून ढसाढसा रडला.