पट्टीवरचं नाव

घाटाच्या पायथ्याला एका गावात एक ठेकेदार होता. त्याचं नाव गोविंदआप्पा खैरमोडे. घाटरस्त्याचे खड्डे बुजवायचे, ढासळलेले कठडे बांधायचे, दरड आली की उचलायची, ही त्याची कामं. माणूस कामाला चोख होता. खडीत माती मिसळत नव्हता, मजुराचा दिवस बुडवत नव्हता. पण त्याला एक खोड होती, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशातलीच ती होती. आप्पाला नावाचं वेड होतं.

आपल्याकडे स्टीलच्या पातेल्यावर नाव घालतात, ते पातेलं हरवू नये म्हणून. आप्पा सगळ्या गावालाच पातेलं समजायचा. एस.टी.च्या थांब्यावरचं बाकडं, देवळाजवळचा पाण्याचा हौद, शाळेची घंटा, जिकडं पाहावं तिकडं ‘सौजन्य: गोविंदआप्पा खैरमोडे आणि मंडळी’. स्मशानातल्या बाकड्यालाही त्यानं हे सौजन्य दाखवलं होतं. लोक हसायचे. पण हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. तरुणपणी आप्पानं याच घाटात खडी फोडली होती, आणि तेव्हा साहेबापासून मुकादमापर्यंत सगळे त्याला ‘ए हातोडेवाल्या’ म्हणूनच हाक मारत. ती हाक त्याच्या कानातून कधी गेलीच नाही.

त्या दिवसांत त्याला नावानं बोलावणारा एकच माणूस होता. शेजारी बसून खडी फोडणारा सोनबा. दोघं एका फडक्यातली भाकरी खात. पुढं गोविंदाचा गोविंदआप्पा झाला आणि सोनबा त्याचा मुकादम. चारचौघांत सोनबा त्याला ‘आप्पा’ म्हणायचा, पण दोघंच असले की अजूनही ‘गोंद्या’. आप्पा वरवर डोळे वटारायचा. आतून मात्र त्याला फार बरं वाटायचं.

एका वर्षी सडक खात्याचा हुकूम आला. घाटात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात भडक केशरी जॅकेट पाहिजे, आणि त्यावर गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या पट्ट्या पाहिजेत. हुकूम वाचून आप्पा खूश झाला. घाटातून दिवसभर गाड्या जातात. त्यांच्यासमोर आपली एवढी माणसं वाकून काम करतात. एवढ्या पाठी म्हणजे एवढ्या फुकटच्या पाट्याच की!

त्यानं चांगली, मान्यतेचा शिक्का असलेली जॅकेटं आणली आणि बाजारपेठेतल्या नलूताईकडं नेली. नलूताई शिवणकाम करायची आणि कपड्यांवर इस्त्रीनं अक्षरं चिकटवून नावंही छापायची. आप्पा म्हणाला, “सगळी पाठ भरून नाव घाला. गडद निळ्या अक्षरांत. कोसावरनं वाचता आलं पाहिजे.”

नलूताईनं जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. आतल्या चिठ्ठीवर मराठीतच छापलं होतं की पट्टीवर काही छापू नये, शिवू नये. ती म्हणाली, “आप्पा, नाव छातीवर बोटभर घालते. नियमात बसतं. पाठ भरून घातलं तर दोन्ही पट्ट्या झाकतील.”

“झाकू देत. नाव ठसठशीत दिसेल.”

नलूताईनं पट्टीच्या तुकड्यावर एक निळं अक्षर छापलं, दुकानाचं दार लोटलं आणि बॅटरी मारली. उघडी पट्टी लखकन पेटली. अक्षराच्या जागी नुसता काळा डाग दिसला. आप्पानं तो नीट पाहिला. पाहिला नाही असं त्याला पुढं कधीच म्हणता आलं नाही.

“ताई, आम्ही काय अंधारात काम करतो? छापा तुम्ही.”

“जॅकेट माणसासाठी असतं, आप्पा. पाटीसाठी पत्रा मिळतो,” नलूताई म्हणाली. पण गिऱ्हाईक मोठं होतं. तिनंही इस्त्री तापवली.

खंडेनवमीला आप्पाच्या आवारात टिकाव, फावडी, घमेली धुऊन मांडली. त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पूजा झाल्यावर सगळ्यांना जॅकेटं वाटली. भर दुपारी उन्हात फोटो काढला. फोटोवाल्याकडं सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं, असा आप्पाचा आग्रह. त्या फोटोत माणूस एकही ओळखू येत नाही. नाव मात्र प्रत्येक पाठीवर लख्ख आहे. आप्पानं तो मोठा करून बैठकीत लावला.

सगळे पांगल्यावर सोनबा म्हणाला, “गोंद्या, पट्टी बुजली की रं. धुक्यात आमी दिसायचं कशानं?”

“अरे, एवढं मोठं नाव दिसतंय की!”

“नाव दिसून काय करायचं? मानूस दिसाय पायजे.”

आप्पाचा चेहरा पडला. सोनबाला ते बघवलं नाही. त्यानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हसून म्हणाला, “ऱ्हाऊ दे. तुजं नाव हाय, मिरवतो.”

दिवाळी सरली आणि घाटात सकाळचं धुकं उतरायला लागलं. एका पहाटे वरच्या वळणावर दरड घसरली. सोनबा गडी घेऊन उजाडायच्या आतच वर गेला. आप्पालाही निरोप आला. खरं तर त्यानं ऊन पडल्यावर गेलं तरी चाललं असतं. पण गाडीच्या दिव्यात आपलं नाव कसं दिसतं, हे त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यानं लगेच जीप काढली.

धुकं दाट होतं. आप्पा मान पुढं काढून, डोळे ताणून आपलं नाव शोधत होता. वळणावर सोनबा खालच्या अंगाला पाठ करून रस्त्यात आडवे दगड लावत होता, येणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून. आप्पाला आधी काहीच दिसलं नाही. मग धुक्यात थोडं काळपट काहीतरी दिसलं. झुडूप असेल असं वाटेपर्यंत जीप त्याच्यावर गेली होती.

आप्पा खाली उतरला. सोनबा पालथा पडला होता, आणि जीपचे दिवे त्याच्या पाठीवर होते. आता एवढ्या जवळून नावाचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. आप्पानं त्याला उताणा करून मांडीवर घेतला. सोनबानं डोळे उघडले.

“गोंद्या, तू व्हय?” एवढंच तो बोलला.

हवालदार आले. त्यांनी जागा पाहिली, धुकं पाहिलं, आप्पाकडं पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाले, “आप्पा, धुकंच लई हुतं. तसंच लिवतो. तुमी तरी काय करणार?” भोवतीच्या गड्यांनीही माना हलवल्या. कुणी नशीब म्हणालं, कुणी वेळ आली होती म्हणालं. आप्पानं फक्त गप्प राहायचं होतं. पण त्याची नजर समोरच्या एका गड्याच्या पाठीवरच्या आपल्या नावाकडं गेली.

“धुकं दर साली असतंय, हवालदार,” तो म्हणाला. “पट्टी मी झाकली. सांगूनसवरून झाकली. तसं लिवा.”

खटला झाला, शिक्षा झाली, आप्पा तुरुंगात जाऊन आला. त्याचं नाव पेपरात आलं. घरोघरी, पारापारावर लोकांच्या तोंडी त्याचंच नाव होतं. जन्मभर जे मागितलं ते देवानं असं पदरात टाकलं. पण त्याआधी स्मशानात, सोनबाची चिता जळत असताना, बाकडं रिकामं असूनही आप्पा शेवटपर्यंत उभाच राहिला. त्याला त्या बाकड्यावर बसवेना.

तो सुटून आला तेव्हा सोनबाची बायको पारूबाई त्याच्या दारी आली. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिनं ते जॅकेट पुढं केलं. “ह्ये घरात ठिवायचंय मला. त्येंचं श्येवटचं हाय. तुमचं नाव तेवढं काढून द्या.”

आप्पा नलूताईकडं गेला. नलूताईनं मान वर न करता इस्त्री तापवली, आणि आप्पा स्वतः नखानं एकेक अक्षर सोलायला बसला. नाव निघालं. पण प्रत्येक अक्षराबरोबर खालची चमकही सोलून आली. पट्टीवर अक्षरांच्या आकाराची भोकं राहिली. पारूबाईनं ते तसंच घडी घालून नेलं.

त्यानंतर नवी जॅकेटं आली. नाव छातीवर, खिशावर, बोटभर. पट्ट्या सगळ्या उघड्या. बैठकीतला फोटो आप्पानं उतरवला. धुक्याच्या दिवसांत तो पहाटेच त्या वळणावर जाऊन उभा राहू लागला. एकदा वरून येणारा एक ट्रक बऱ्याच लांबून हळू झाला आणि जवळ येऊन थांबला. ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, “मामा, लांबनंच दिसली बरं का तुमची मानसं. कुनाचं काम हाय ह्ये?”

आप्पानं नाव सांगितलं नाही. हातानंच त्याला पुढं जायची खूण केली.

गावातल्या प्रत्येक बाकड्यावर त्याचं नाव अजून आहे. पण ‘गोंद्या’ म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवाची राखण करणाऱ्या वस्तूवर आपला मोठेपणा मिरवू नये; नाव पुसून पुन्हा लिहिता येतं, गेलेला माणूस परत आणता येत नाही.