पिवळ्या पानावरचा हिरवा टिपकू

भुईमुगाचा एक वाफा होता. वाफ्यात एक नाकतोडा होता. एवढुस्सा. तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. नाव टिपकू.

टिपकू हिरवा. पानं हिरवी. पानावर बसला की दिसायचाच नाही. कोंबडी यायची. इकडे बघायची, तिकडे बघायची, आणि उपाशी परत जायची.

एका सकाळी टिपकू उठला. बघतो तर काय, पान पिवळं. शेजारचं पान पिवळं. सगळी कोवळी पानं पिवळी. आणि वर टिपकू, हिरवागार. लांबून दिसत होता.

कोंबडीलाही दिसला. तिनं मान वाकडी केली.

टिपकूनं मारली उडी. टिणुक टिणुक, टिणुक टिणुक, थेट पिंपळाखाली.

पिंपळाखाली रेवाताई आली होती. रेवाताई माती तपासते. मातीत पाणी घालते, बाटली हलवते, खुळुक खुळुक, आणि मातीला काय हवंय ते सांगते. टिपकू म्हणाला,

"रेवाताई, रेवाताई,
पान पिवळं, मी हिरवा,
सांगा मी लपू कुठं?"

रेवाताई म्हणाली, "आधी माती आण. नुसती वरची धूळ नको, वीतभर खालपर्यंतची हवी. एकाच जागची नको, जागोजागची हवी. आणि कशानं खणायची, ते नीट बघून ठरव. संध्याकाळी मी निघणार."

टिणुक टिणुक, टिणुक टिणुक, टिपकू गेला गोठ्यात. भिंतीला टेकून तिघं उभी होती. पहार, फावडं आणि खुरपं.

पहार म्हणाली, खूप खोल जाईन. गेलीही असती, पण येताना रिकामीच आली असती. फावडं म्हणालं, टोपलीभर आणीन. आणलीही असती, पण सगळी वरवरची धूळ. खुरपं आपलं भिंतीला टेकून उभं.

टिपकूनं खुरप्याकडे नीट पाहिलं. टोक बारीक. पातं वाकडं. वीतभर खाली जाईल, आणि येताना माती घेऊनच येईल. शाबास रे टिपकू. नखाएवढा जीव, पण नजर केवढी. तो म्हणाला,

"खुरपेदादा, खुरपेदादा,
ताई सांगेना,
पान पिवळं, मी हिरवा,
सांगा मी लपू कुठं?"

खुरपं म्हणालं, "माझ्या अंगावर गंज आहे, टिपकू. गंज म्हणजे लोखंड. तो तुझ्या मातीत पडला, तर ताईला वाटेल, मातीत लोह भरपूर. ताई फसेल. वीट मला घासेल, तरच मी खणीन."

बघा, किती खरं खुरपं. दुसरं कुणी असतं तर गंजासकट गेलं असतं.

टिणुक टिणुक, टिणुक टिणुक, टिपकू गेला विटेकडे. वीट अंगणात होती. आणि विटेवर कोण? कोंबडी. डोळे मिटून, पिसं फुगवून डुलक्या काढत होती. टिपकू एकदम हळू म्हणाला,

"वीटमावशी, वीटमावशी,
खुरपं खणेना,
ताई सांगेना,
पान पिवळं, मी हिरवा,
सांगा मी लपू कुठं?"

वीटही हळूच म्हणाली, "अरे, ही बया बसलीय ना डोक्यावर. कोंबडी उठेल, तरच मी घासीन."

आता आली पंचाईत. कोंबडीला उठवायचं कुणी? टिपकूनं. टिणुक टिणुक, टिणुक टिणुक, टिपकू चढला भिंतीवरच्या खुंटीवर. उंच. तिथं चोच पोचत नाही. खुंटी घट्ट धरली. आणि म्हणाला,

"कोंबडीआत्या, कोंबडीआत्या,
वीट घासेना,
खुरपं खणेना,
ताई सांगेना,
पान पिवळं, मी हिरवा,
सांगा मी लपू कुठं?"

कोंबडीनं एक डोळा उघडला. "लपतोस कशाला, राजा? माझ्या पोटात ये की. छान अंधार आहे."

टिपकू म्हणाला, मला अंधाराची भीती वाटते.

"मग दाणे आण. दाणे पडतील, तरच मी उठीन."

टिणुक टिणुक, टिणुक टिणुक, टिपकू गेला खळ्यावर. बायजाकाकू सूप घेऊन उभी होती. सुपात ज्वारी, ज्वारीत कोंडा. टिपकू म्हणाला,

"बायजाकाकू, बायजाकाकू,
कोंबडी उठेना,
वीट घासेना,
खुरपं खणेना,
ताई सांगेना,
पान पिवळं, मी हिरवा,
सांगा मी लपू कुठं?"

काकू म्हणाली, "दाणे देते रे सोन्या, पण कोंडा उडायला नको का? सकाळपासून हात वर करून उभी आहे. वारा वाहील, तरच दाणे पडतील."

टिणुक टिणुक, टिणुक टिणुक, टिपकू गेला बांबूच्या बेटात. वारा तिथं पाय पसरून पडला होता. टिपकूला धाप लागली होती. तरी एका दमात म्हणाला,

"वारामामा, वारामामा,
दाणे पडेनात,
कोंबडी उठेना,
वीट घासेना,
खुरपं खणेना,
ताई सांगेना,
पान पिवळं, मी हिरवा,
सांगा मी लपू कुठं?"

वारा म्हणाला, "जो येतो तो म्हणतो, वाहा. खेळू या असं कुणी म्हणत नाही. माझ्याशी पकडापकडी खेळशील, तरच मी वाहीन."

वारा केवढा. टिपकू केवढा. पण टिपकू म्हणाला, "चल. राज्य तुझ्यावर."

आणि पळाला.

टिपकू पुढे, वारा मागे. टिणुक टिणुक, भुर्र भुर्र. वारा वाहिला. कोंडा उडाला, काकूच्या केसांत बसला. दाणे पडले, टप टप टप. कोंबडी उठली, कॉक कॉक कॉक. वीट घासू लागली, खरर्र खरर्र. खुरपं चमकलं, चक चक चक.

खुरपं निघालं वाफ्याकडे. एकटंच, चालत. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा. ती सांगणार नाही, तिच्या तोंडात दाणे आहेत.

टिपकू इकडे उडाला, खुरप्यानं तिथं खणलं. टिपकू तिकडे उडाला, खुरप्यानं तिथं खणलं. खच्च खच्च. आधी छोटासा खड्डा. मग खड्ड्याच्या कडेची पातळ वडी कापली, वरपासून खालपर्यंत, अगदी बर्फीसारखी. बांधाजवळ गेलं नाही. उकिरड्याजवळ गेलं नाही, तिथली माती निराळी. काय ते काम, बघत राहावं. सगळी माती प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र केली. त्यातली मूठभर घेतली. आणि पळाली दोघं.

संध्याकाळ झाली होती. रेवाताईनं डोक्यावर हेल्मेट घातलं होतं. माती बघितली आणि हेल्मेट काढलं. बाटली हलवली, खुळुक खुळुक.

"या मातीत लोह कमी आहे. शेणखतात हिराकस कालवून घाला, हिराकसात लोह असतं, पानं हिरवी होतील." मग म्हणाली, "माती फार छान आणलीत. खुरपं कुणी निवडलं?"

खुरप्यानं टोक टिपकूकडे वळवलं. टिपकू लाजला. लाजला तरी हिरवाच.

बायजाकाकूनं शेणखत घेतलं, हिराकस कालवलं आणि वाफ्यात घातलं. काही दिवस गेले. नवं पान आलं, हिरवं. आणखी एक आलं, हिरवं. सगळा वाफा हिरवा.

मग कोंबडी आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाली, इथं तर नुसती पानं.

आणि परत गेली.

मागच्या एका पानानं हळूच ढेकर दिला.