कालव्याच्या टोकाचा मळा

जंगलाच्या कडेने एक कालवा वाहत असे. त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला एका ससा-सशिणीचा छोटासा मळा होता. मुळा, मेथी, गाजर असे काहीबाही ते लावत आणि कालव्याचे पाणी वाफ्यांना देत. पुढे कालव्याच्या वरच्या अंगाला एक कोल्हा राहायला आला. मिठाच्या पाण्यात कातडी भिजवून कमावण्याचा त्याचा धंदा. काम झाले की ते खारे पाणी तो कालव्यात ओतून देई.

मुलांनो, पाणी दिसायला पूर्वीसारखेच नितळ होते. पण त्या हिवाळ्यात मेथीची पाने कडेने करपली. सशिणीला वाटले, झाडांना तहान लागली असेल. तिने पाणी दुप्पट केले. पाने आणखीच करपली. एके सकाळी कालव्यातला म्हातारा खेकडा बिऱ्हाड आवरून निघाला. “पोरी, हे पाणी खारट झालंय. मला यात राहवत नाही. मळ्याला तर मुळीच देऊ नकोस,” तो जाता जाता म्हणाला. ससा घाबरून कोल्ह्याकडे गेला. कोल्हा हसला. “अरे, एवढा मोठा कालवा आणि माझ्या चार घागरी! वाहतं पाणी कधी नासतं का?” सशाला ते पटले. शिवाय दुसरे पाणी तरी कुठे होते?

उन्हाळा लागला तसा वाफ्यांवर पांढरा थर चढला. पाणी उन्हाने उडून जाई, मीठ मात्र मातीतच राही. पेरलेले बी उगवेना. खायला काही नाही म्हणून सशिणीचे दूध आटले आणि तिच्या तीन पिल्लांपैकी सर्वांत धाकटे एका दुपारी बिळातच मेले.

दुसऱ्या दिवशी ससा मळ्यातले एक ढेकूळ घेऊन कोल्ह्याच्या दारात उभा राहिला. “चाखून बघा, कोल्होबा,” एवढेच तो म्हणाला. कोल्ह्याने जीभ लावली आणि थू थू करीत तोंड फिरवले. मग तो म्हणाला, “चुकलं माझं. आजपासून एक थेंबही ओतणार नाही.”

त्याने शब्द पाळला. महिन्याभरात कालवा गोड झाला. सशाने पुन्हा वाफे बांधले, बी टाकले. काही उगवले नाही. पुढच्या वर्षीही नाही. कोल्हा चौकशीला आला. “आता तर पाणी चांगलं आहे ना?” त्याने खाली मान घालून विचारले.

“पाणी चांगलं आहे,” ससा म्हणाला, “मातीच राहिली नाही.”

आणि उरलेली दोन पिल्ले घेऊन ससा-सशीण तो मळा कायमचा सोडून गेली.

तात्पर्य : पाण्यात सोडलेली घाण आपल्या डोळ्यांआड जाते, नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या मातीत मुरते आणि मागाहून झालेल्या पश्चात्तापाने ती माती पुन्हा पिकत नाही.