कढई, एअर फ्रायर आणि माळ्यावरची जागा

भांडी बोलत असत आणि माणसे ते मनावर घेत असत, त्या काळची ही गोष्ट. इंदुमतीबाईंच्या ओट्यावर परत करण्याच्या बोलीवर एक एअर फ्रायर आला. "पसंत पडला, तर कढई माळ्यावर जाईल," असे बाईंनी जाहीर केले. माळ्यावरच्या जुन्या ज्यूसरने तत्परतेने सरकून जागा केली.

"मावशी, तेलाचा काळ सरला. मी नुसत्या वाऱ्यावर तळतो," फ्रायर कढईला म्हणाला.

"वाऱ्यावर कपडे वाळतात, लेका. भजी करून दाखव."

बाईंनी कांदाभज्यांचे ओले पीठ त्याच्या जाळीत सोडले. फ्रायर बराच वेळ घोंघावला. उघडून पाहिले, तेव्हा निम्मे पीठ खाली ओघळले होते आणि उरलेले जाळीला बिलगले होते.

फ्रायर खाली मान घालून स्वतःची वायर गुंडाळू लागला. कढईने दिमाखात भजी तळली. पण तेवढ्यात बहिणीचा फोन आला, आणि बाई परतेपर्यंत भजी गार होऊन मऊ पडली.

कढई हळूच म्हणाली, "भाच्या, जाऊ नकोस. एवढी कुरकुरीत करून दे."

त्याने ती करून दिली. बाईंनी एक चाखले, दुसरे उचलले आणि निर्णय दिला, "दोघेही राहा."

माळ्यावरून ज्यूसर ओरडला, "मग मी सरकलो कशाला?"