खिंडीतला चहा

"मग चाचा, एकदा काय ते खरं सांगा. सायकल लोखंडाची बरी, अल्युमिनियमची बरी, की ही माझी कार्बनची?" श्रीरंगाने विचारलं.

दस्तगीर मिस्त्री चुलीत काटक्या सारत राहिला.

घाट चढून खिंडीत आलं की त्याचं सायकलीचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे, एक पंप आणि चुलीवर चहाची किटली. पण सायकलवाल्यांत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रिवाजही त्याचाच. टोळीतला शेवटचा गडी चढून आल्याशिवाय तो कुणालाच चहा ओतत नसे.

श्रीरंगाने आपली सायकल दोन बोटांवर उचलून दाखवली. "फूल आहे फूल!"

मिस्त्री उठला. दूधवाल्याची लोखंडी सायकल दुरुस्तीला आली होती, तिच्या नळीवर त्याने पाना टेकवला. टणण्ण... नाद किती वेळ घुमत राहिला. शेजारच्या अल्युमिनियमवर, टक्. श्रीरंगाच्या नळीवर मात्र नुसतं बोट वाजवलं. पुठ्ठ्यावर वाजवावं तसं, ठप.

"लोखंडवाला कुठाय तुझा? तो जाडा, हसरा? तुझ्या मागनं धापा टाकत यायचा."

"सदानंद?" श्रीरंग हसायला गेला, पण जमलं नाही. "त्याला म्हटलं, ते भंगार दूधवाल्याला दे, मगच माझ्याबरोबर ये. चारचौघांत म्हटलं. गंमत केली हो..."

"मग?"

"श्रावणापासून आला नाही. फोनही उचलत नाही."

चुलीत काटकी तडतडली.

"आज एकवीस मिनिटांत चढलो, चाचा. जन्मात पहिल्यांदा!"

"कुणाला सांगितलंस?"

श्रीरंगाने खाली पाहिलं. वळणामागून वळण, सगळा घाट रिकामा. तिसऱ्या वळणावर सदानंद हटकून उतरायचा, सायकल ढकलत वर येता येताच ओरडायचा, 'रंग्या, माझा चहा पिऊ नकोस!'

"...तुम्हालाच."

किटलीतल्या चहाला उकळी आली. वाफेबरोबर वास सुटला. श्रीरंगाने फळीवरचा पेला घेऊन पुढे धरला.

मिस्त्रीने किटली उतरवली. चहा मात्र ओतला नाही.

"शेवटचा गडी येऊ दे."

"चाचा, मी एकटाच आलोय."

मिस्त्रीने त्याच्या हातातला पेला हळूच काढून घेतला आणि फळीवर पालथा घातला.

"मग अजून कुणी पोचलंच नाही, बेटा."