मर्थाआजीची जागा

फार वर्षांपूर्वी, फिरंग्यांची गलबतं अजून या किनाऱ्याला लागली नव्हती, तेव्हाची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी क्रूसाचं दगडी देऊळ होतं, त्यामागं मसणवट. गाव सगळं खडकाळ, माती तेवढ्याच तुकड्यात. मेलेल्यांचे पाय उगवतीकडे करायचे. देव तिकडून येणार, उठल्याबरोबर तो समोर दिसावा म्हणून.

मर्थाआजीचा नवरा तोमा तिथं निजला होता. मूलबाळ नाही. तोमाच्या शेजारी एकाच माणसाची जागा उरली होती, ती आजीची. ती रोज झाडायची आणि तिथं बसून तोमाला गावच्या भानगडी सांगायची. दुसरं ऐकतंय कोण?

एका वादळानंतर किनाऱ्याला एक परका तरुण मरून लागला. गळ्यात ना क्रूस, ना दोरा.

“ढकला परत,” पावलू तांडेल म्हणाला. “कोण कुठला! जागा कुठाय?”

“माझी आहे की.”

“मग तू कुठं निजशील, आजी? आमच्या डोक्यावर?”

“तुझ्या डोक्यात रिकामी जागा पुष्कळ आहे रे. पण मला शांतता लागते.”

“लागतो कोण तो तुझा?”

“माझा आहे. पाय धर त्याचे.”

त्याला तिनं उलटा निजवला, पाय मावळतीला, दर्याकडे. म्हणाली, “याची आई तिकडून येईल. तिला तोंड दिसू दे.” मग घरी जाऊन दार लावून रडली.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी किनाऱ्यावर बसायची. कुणी येऊन लेकाला घेऊन गेलं, तर तोमाची कूस परत मिळणार होती. कुणी आलं नाही. असं म्हणतात, एकदा ओहोटी अशी लागली की दर्या दिसेनासा झाला. आजी काठी घेऊन ओल्या वाळूवरून निघाली.

“कुठं चाललीस?” पावलू ओरडला.

“त्याची आई कुठं अडकली, बघून येते.”

पाणी तिच्यामागं मिटलं, असं म्हणतात. पावलूनं मरेपर्यंत होडी घालून शोधलं. काठीसुद्धा मिळाली नाही.

पुढं देऊळ वाळूखाली गेलं. परवा परवा खोदकामवाले आले, त्यांना पाया लागला, हाडं लागली. सगळ्यांचे पाय उगवतीकडे, तोमाशेजारचा एकटाच उलटा. गावानं त्यांना हीच गोष्ट सांगितली. त्यांनी टोप्या काढल्या आणि त्याच्यावर हातानं माती सारली.

आजही दर्यातून प्रेत लागलं की पोलीस विचारतात, कुणाचं? गाव सांगतं, मर्थाआजीचं. जात-धर्म कुणी विचारला तर बाया विचारणाऱ्यालाच धुऊन काढतात. प्रेत पाय मावळतीला करून पुरतात, आणि शेजारी एक जागा झाडून रिकामी ठेवतात.

म्हातारी बघायला गेलीय. परत आल्यावर तिला निजायला नको?